जिन्याखालची पाटी

आमची नौपाड्यातली बिल्डिंग शेवटी रिडेव्हलपमेंटला गेली. भाडं, कॉर्पस, वाढीव कार्पेट, पार्किंग, दोन वर्षं नुसत्या मीटिंगा आणि भांडणं (पार्किंगवरून जास्त, अर्थात), आणि त्या सगळ्यात आमच्या बाबांचा प्रश्न एकच, जिन्याखालच्या पाटीचं काय करणार? संगमरवरी पाटी, १९८४ ची पहिली कमिटी, बाबा खजिनदार, पाचवं नाव, त्यातही कोरणाऱ्याने आडनावावरचा रफार खाल्लेला. मीटिंगमध्ये लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

घर रिकामं केलं त्या दिवशी ७८ वर्षांच्या माणसाने मिस्त्रीच्या हातात दोनशे रुपये ठेवून ती पाटी काढून घेतली आणि रिक्षातून मांडीवर धरून मानपाड्याच्या भाड्याच्या घरी आणली. आई म्हणाली, आता हिची पूजा मांडा.

मलाही वैतागच आला होता. मग मागच्या महिन्यात एकवीरेला गेलो तेव्हा शेजारचं कार्ल्याचं लेणं पहिल्यांदाच नीट बघितलं, मोबाईलवर वाचत वाचत. खांबांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं, साधारण २००० वर्षांपूर्वीची. बरेच जण धेनुकाकटचे, आणि त्यातले काही यवन, म्हणजे ग्रीक वगैरे तिकडचे. गंमत म्हणजे नावं इथल्यासारखीच झालेली, दान बौद्ध लेण्याला, तरी मी यवन आणि मी अमक्या गावचा हे कोरून घ्यायला विसरले नाहीत. वागळे इस्टेटमध्ये जन्मलेली आमची पोरं नाही का, गाव कुठलं विचारलं की झटकन खेड, चिपळूण सांगतात, वर्षातून गणपतीत चार दिवस जातात तरी! आणि ते धेनुकाकट नेमकं कुठे होतं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. गाव हरवलं, गाववाले सापडतायत.

पण मी अडकलो तो दारापाशी. तिथे एक सुतार आहे. सामी, वेणुवासाचा मुलगा, दाराचं काम याचं. राजा नाही, शेठ नाही, सुतार, आणि तोही बापाच्या नावासकट. घरी पलंगाखाली पडलेली पाटी आठवली, जरा लाजच वाटली.

परवा बिल्डरच्या माणसाला भेटलो. लॉबीत इटालियन मार्बल आहे म्हणे, पाटी डिझाईनमध्ये बसत नाही. बराच वाद घातला, शेवटी मीटर रूमच्या बाहेरची भिंत मिळाली. बाबांना भीतभीतच सांगितलं.

म्हणाले, चालेल की, फक्त आधी तो रफार देऊन घे.