पत्र्याचा खांब आणि चार वर्षांचं मौन

परवा फोनमधले जुने फोटो पुसताना तो स्क्रीनशॉट हाती लागला. लाल खडकांची बेचकी, तिच्यात उभा चकचकीत धातूचा खांब आणि खांबापुढे ठेंगणा दिसणारा हेलिकॉप्टर पथकातला एक माणूस. नोव्हेंबर २०२०. घरात कोंडून विटलेल्या आपल्या सगळ्यांना तेव्हा रोगाशिवाय दुसरा कुठला तरी विषय हवाच होता. तो अमेरिकेतल्या यूटाहच्या वाळवंटातून आला.

"मामा, तुला खरंच वाटलं होतं का एलियन्सनी ठेवलाय म्हणून?" भाचीने विचारलं.

नाही गं. फोटो मोठा केला की कडेने रिव्हेट दिसत होते. तारे ओलांडून येणारी मंडळी पत्रे रिव्हेट मारून जोडतील होय? लोकांनी त्याला दिलेलं नावसुद्धा गमतीचंच. मोनोलिथ म्हणजे एकाश्म, एका अखंड दगडाचा. हा ना अखंड, ना दगड. तीन बाजूंचा, आतून पोकळ, साधारण तीन मीटर उंच पत्र्याचा खांब.

तरीही तो स्क्रीनशॉट मी इतकी वर्षं पुसला नाही, त्याचं कारण सांगतो.

१८ नोव्हेंबरला सरकारी हेलिकॉप्टर निघालं होतं रानमेंढ्या मोजायला. वरून काहीतरी चमकलं म्हणून ते खाली उतरले. लोक बघायला जातील आणि तिकडेच अडकतील, म्हणून सरकारी खात्याने जागा सांगितली नाही. सोबत एक शेराही मारला: तुम्ही कुठल्याही ग्रहावरचे असा, परवानगीशिवाय सरकारी जमिनीवर असलं काही उभारणं बेकायदा आहे. पण नेटवरच्या एका पठ्ठ्याने त्या हेलिकॉप्टरच्या उड्डाणाचा मार्ग धुंडाळला, त्या भागातली उपग्रहचित्रं चाळली आणि जागा शोधून काढली. मग लोकांनी जुनी चित्रंही उघडली. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथे काही नव्हतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये खांब होता.

म्हणजे चार वर्षं तो तिथे नुसता उभा होता!

मला यात अडकायला होतं. कोणीतरी रस्ता नसलेल्या ठिकाणी पत्रे आणि अवजारं नेली. खडकात बरोबर खांबाच्या मापाची त्रिकोणी खाच कापली. खांब ओळंब्यात उभा केला आणि निघून गेला. फोटो नाही, सही नाही, मित्राजवळ फुशारकी नाही. जेवण तोंडात जायच्या आत ताटाचा फोटो टाकणाऱ्या माझ्यासारख्याला हे परग्रहवासीयांपेक्षाही अशक्य वाटतं.

काहींनी जॉन मॅक्रॅकन या शिल्पकाराचं नाव घेतलं. गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागांचे खांब-फळ्या ही त्याची ओळख. आपलं काम दुर्गम जागी ठेवून द्यावं, कोणाला तरी ते नंतर सापडावं, असं तो बोलून दाखवायचा, ही आठवण त्याच्या मुलाने सांगितली. पण मॅक्रॅकन वारला २०११ मध्ये. हिशेब जुळत नाही. कलाकारांच्या एका गटाने 'आम्हीच ते' असं सुचवत तसलाच खांब ४५,००० डॉलरला विकायला काढला, तेव्हा तर मला हसूच आलं. चार वर्षं गप्प बसलेला माणूस पाचव्या वर्षी दुकान मांडेल?

त्यानंतर जगभर उगवलेले तसलेच खांब मला कधीच भावले नाहीत. रोमानियात पियात्रा नेआम्त्सजवळ एक निघाला, वेल्डिंग बघवत नव्हतं. कॅलिफोर्नियात एका डोंगरावर उगवला, काही पोरांनी तो कॅमेऱ्यासमोर पाडून तिथे लाकडी क्रूस रोवला. इंग्लंडमध्ये समुद्रकिनारी, अहमदाबादेत तर चक्क बागेत! फुलांच्या ताटव्याशेजारी कसलं आलंय गूढ? फेब्रुवारी २०२१ मध्ये तुर्कस्तानात, गोबेक्ली टेपे या जगातल्या अतिप्राचीन दगडी अवशेषांजवळ एक उभा राहिला. त्यावर जुन्या तुर्की लिपीत कोरलं होतं, 'आकाशाकडे बघ, चंद्र बघ'. चार दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी चांद्रमोहिमेची घोषणा केली आणि खांब ही तिची जाहिरात निघाली. त्याच महिन्यात काँगोच्या राजधानीत, किन्शासातल्या एका चौकात खांब दिसला, तर लोकांनी तो पेटवून दिला. खरं सांगू, खांबाकडे मनापासून बघितलं असेल तर त्या किन्शासावाल्यांनीच. बाकीचे सेल्फी घेत होते.

आता जरा अवघड भाग. २७ नोव्हेंबरच्या रात्री चार जणांनी यूटाहचा खांब ढकलून पाडला आणि एकचाकी ढकलगाडीवर घालून नेला. तेव्हा मी इथेच तावातावाने लिहिलं होतं, 'कलेचे मारेकरी' वगैरे. ती पोस्ट अजून वर आहे, शोधा आणि हसा. पण तिथे झालं होतं काय? ना वाहनतळ, ना संडास, ना फोनला रेंज, आणि माणसांची रीघ. गाड्या झुडपांवरून गेल्या, लोकांनी उघड्यावर घाण केली. त्या वाळवंटी पट्ट्यात मातीवर एक काळसर पापुद्रा असतो. सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफुलांनी तो विणलेला असतो, आणि त्याच्यामुळेच माती वाऱ्याने उडून जात नाही. एका पावलाने तो मोडतो आणि भरून यायला दशकं लागू शकतात. चार वर्षं खांबाने तिथे जे बिघडवलं नसेल ते आपण आठवडाभरात बिघडवलं. पुढे त्या चौघांनी खांब जमीन सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे सोपवला. 'मारेकरी' मी मागे घेतो. खडकात खाच कापणाऱ्यालाही मात्र मी धुतल्या तांदळासारखा म्हणणार नाही. ती खाच आता भरून यायची नाही.

२०२४ मध्ये वेल्समधल्या एका टेकडीवर आणि नंतर लास वेगासजवळच्या अभयारण्यात पुन्हा खांब दिसले. वेगासचा पोलिसांनी लगेच काढून नेला. मी बातमी अर्ध्यावर सोडली.

हे सगळं ऐकून भाची म्हणाली, "तो पाडला त्या रात्री ठेवणारा माणूस काय करत असेल?"

हे मला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. बहुतेक आपल्यासारखाच फोन घेऊन बसला असेल, आपल्या सगळ्यांच्या कॉमेंट वाचत. माझी 'कलेचे मारेकरी'सुद्धा.