म्हणे झटपट!

फळं एकमेकांना विचारून पिकत नाहीत. फळं आणि धान्य घालून ताजं सॅलड करायला घेतलं की पहिली गाठ पडते ती याच गोष्टीशी. पाककृतीत सगळी फळं एकाच क्षणी ऐन भरात असतात. माझ्याकडची किवी अशी की आपटली तर टेबलाला पोचा पडावा, आणि केळ्यांची वेळ परवाच टळून गेलेली. किवीवर निदान उपाय आहे. सफरचंदाशेजारी पिशवीत बांधून ठेवली की सफरचंदातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर मऊ पडते. लवकर म्हणजे काही दिवसांत. सॅलड आज रात्री हवं असतं. द्राक्षं, संत्री, डाळिंबं, स्ट्रॉबेऱ्या यांना तर तीही सवलत नाही. झाडावरून उतरताना जी काय गोडी अंगात आली असेल तेवढीच. नंतर कितीही दिवस आशेने टोपलीत ठेवा.

पाककृती मेहुणीने पाठवली होती. सोबत निरोप, "भावोजी, अगदी दहा मिनिटांचं काम आहे. ताईला जरा बसू दे."

ताई लगेच बसली.

मी पाककृती नीट वाचली. लोक कृती वाचतात, साहित्याकडे नुसती नजर टाकतात. आणि सगळी लबाडी साहित्यात असते. 'शिजवून गार केलेला किन्वा 1 वाटी. डाळिंबाचे दाणे अर्धी वाटी. पापुद्रे काढलेल्या संत्र्याच्या फोडी. भाजून भरडलेले अक्रोड. बारीक चिरलेला पुदिना.' म्हणजे धुणं, शिजवणं, निववणं, सोलणं, भाजणं, भरडणं, चिरणं हे सगळं कोणीतरी आधीच करून ठेवलंय. आणि मग खाली मोठ्या रुबाबात 'कृती': सर्व एका भांड्यात घेऊन हलक्या हाताने एकत्र करा. वेळ, दहा मिनिटं. माझा तर संशय आहे की नऊ मिनिटं ते भांडंच शोधत असणार.

तर किन्वा. दिसायला धान्य, पण गवताच्या कुळातला नव्हे. पालक-बीटाच्या गोतावळ्यातला, चाकवताचा जवळचा नातेवाईक. आपण खातो ते त्याचं बी. या बियांवर सॅपोनिनचा कडू थर असतो, इतका कडू की पक्षीसुद्धा सहसा वाट्याला जात नाहीत. तो धुऊन काढायचा. पाणी घालून चोळलं की साबणासारखा फेस येतो; फेस यायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहायचं. पाकिटावर 'धुतलेला' असं लिहिलेलं असलं तरी मी धुतोच. एकदा कडू घास गेला की माणूस कोणाच्या लेखी आश्वासनावर विसंबत नाही. नेहमीच्या चाळणीतून मात्र दाणे पाण्याबरोबर खाली उतरतात, कारण दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा. चहाची गाळणी घ्यावी तर तिच्यात वाटीभर मावत नाही, म्हणून चमचा-चमचा धुवावा लागतो. या टप्प्यावर दहा मिनिटं संपली.

मग दुप्पट पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर पंधरा मिनिटं. दाणा शिजला की त्याचा पांढरा अंकुर कडेने सुटून शेपटीसारखा बाहेर येतो. त्याचं खरोखर कौतुक वाटतं. गॅस बंद करून पाच मिनिटं वाफेत ठेवायचा, मग काट्याने मोकळा करायचा. इथवर माणूस काहीतरी करत असतो. खरी परीक्षा पुढे, गार होण्याची. गार होणं या प्रकाराला मदत करता येत नाही. ताटात पातळ पसरा, खिडकीशी ठेवा, अधूनमधून हात लावून बघा. तो आपल्या गतीनेच निवतो. गरम असतानाच फळं घातली तर फळं लुळी पडतात आणि पुदिना काळवंडतो. उलट लिंबू-मध-तेलाचं ड्रेसिंग धान्य कोमट असतानाच घालावं, कारण तेव्हा ते चांगलं मुरतं. म्हणजे ताटावरून नजर हलवायची सोय नाही.

"झालं का रे?" बाहेरून बायकोचा आवाज.

"निवतंय."

"काय निवतंय? सॅलड ना ते?"

संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे आंतरराष्ट्रीय किन्वा वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. एका धान्यासाठी अख्खं वर्ष कशाला, असं तेव्हा वाटलं असेल कोणाला. मला आता ते फार समंजस माणसांचं काम वाटतं.

किन्वा नको तर दुसरं धान्य घ्या, असं सुचवणारे भेटतात. घ्या. पॉलिश केलेले जव अर्धा तास घेतात, अख्खा गहू रात्रभर भिजवूनही बराच वेळ दाताला लागतो. एक बलगर तेवढा सरळ. तो गहू आधीच उकडून, वाळवून, भरडलेला असतो; बारीक असेल तर गरम पाण्यात झाकून ठेवला तरी फुलतो. पण बलगर आपल्या घरात नसतो. तो नेहमी पाककृती लिहिणाऱ्याच्या घरात असतो.

निवण्याच्या वेळात डाळिंब. याची एक रीत आहे आणि ती अक्सीर आहे: वरचा मुकुट कापायचा, सालीवरच्या उंचवट्यांवरून उभे चिरे द्यायचे आणि पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवून फोडायचं. दाणे तळाशी जातात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो. पाण्याबाहेर फोडणारा माणूस त्याच्या शर्टावरून ओळखता येतो. पाण्याखालीही एखादा दाणा फुटतोच. पाणी गुलाबी होतं, आणि त्यात कोपरापर्यंत हात घालून उभं असताना फोन वाजतो. मेहुणीचा असतो. झालं का विचारायला.

संत्र्याच्या पापुद्र्यांबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी काढले आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही काढले त्यांचं आयुष्य सुखात चाललंय. अक्रोड भाजताना मात्र जागचं हलू नये. बराच वेळ ते ढिम्म असतात आणि मग आपण पाठ फिरवली की करपतात.

सफरचंद सगळ्यात शेवटी. सुरी लागली की त्याच्या पेशी फुटतात, आतलं विकर, म्हणजे एन्झाइम, हवेतल्या ऑक्सिजनशी संगनमत करतं आणि फोडी तांबूस पडायला लागतात. लिंबाचा रस चोळला की आम्लाने विकर मंदावतं, क जीवनसत्त्वही हातभार लावतं. तरी ती निव्वळ मुदतवाढ. अननस घालणार असाल तर ड्रेसिंगमध्ये दही नको. ताज्या अननसातली आणि किवीतलीही विकरं दह्यातली प्रथिनं तोडतात आणि थोड्या वेळात सगळं कडवट होतं. मीठ अगदी वाढताना, नाहीतर फळांना पाणी सुटून सॅलडचं सूप होतं.

आता खरं भांडण लक्षात घ्या. धान्याला थांबलेलं आवडतं. ते जितकं निवेल, मुरेल तितकं चवीला येतं. फळांना थांबणं अजिबात खपत नाही. चिरल्या क्षणापासून त्यांची उतरती कळा. अशा दोघांना एका भांड्यात घालायचं आणि वर झटपट म्हणायचं! फळांपुरतं ते बरोबर आहे, शेवटची दहा मिनिटं खरोखरच धावपळीची असतात. त्याआधीचा तास कोणी मोजत नाही, एवढंच.

सॅलड झालं, टेबलावर आलं, आणि छान झालं होतं, हे मी स्वतःच सांगतो कारण दुसरं कोणी सांगितलं नाही. सगळ्यांची तोंडं चावण्यात गुंतली होती. मुलीने डाळिंबाचे दाणे वेचले. बायकोने संत्र्याच्या फोडी आणि अक्रोड. मेहुणी 'सहज' डोकावली होती, तिने द्राक्षं आणि सफरचंद चमच्याने हळूच बाजूला ओढून संपवलं, आणि म्हणाली, "बघा भावोजी, किती सोपं आहे!"

भांड्यात जे उरलं ते मी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलं. भरण्याआधी मोजलं. शिजवून गार केलेला किन्वा, बरोबर एक वाटी.