वेल्डिंगनं पुढचा ॲक्सल वाकतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलवर ट्रस (नळी वाकू नये म्हणून वरून वेल्ड केलेला पट्ट्यांचा आधार) बसवण्याच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: वेल्डिंगच्या उष्णतेनं हाऊसिंग (ॲक्सलची बाहेरची नळी) वाकतं, तुमच्या भावाच्या गाडीचं हे काम झाल्यावर पुढचे टायर आतल्या कडेनं झिजले आणि सील गळायला लागले, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्प्रिंगचे जाड पाटे टाकले की भागतं. पहिला मुद्दा खरा आहे. दुसऱ्यात लक्षणं खरी, निदान घाईचं. तिसरा मान्य नाही.

आधी वाकण्याचं बघू. वेल्ड थंड होताना आक्रसतं आणि ज्या बाजूला असेल तिकडे नळीला ओढतं. ट्रस वरून बसतो, म्हणून हाऊसिंगची टोकं वर उचलली जातात, चाकांचे माथे आत झुकतात आणि टायरची आतली कडा झिजते. इथवर तुमचं बरोबर. पण गाडी बांधावरून आदळते तेव्हाही नेमकं हेच होतं. टोकाला चाक वर ढकलतं, आतल्या बाजूला पाटा खाली दाबतो आणि नळी त्याच दिशेनं वाकते. पांदणीत आणि बांधांवर वर्षानुवर्षं पळालेली जिप्सी वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधीच वाकलेली असू शकते. वाकलेल्या हाऊसिंगवर ट्रस मारला की तो वाक कायमचा झाला. म्हणून विचारतो, काम सुरू करण्याआधी माप घेतलं होतं का? घेतलं नसेल तर दोष वेल्डचा की बांधाचा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

माप घ्यायला मोठी यंत्रं लागत नाहीत. सपाट फरशीवर, स्टिअरिंग सरळ ठेवून, टायरला न टेकेल असा ओळंबा चाकाबाहेर सोडा. दोऱ्यापासून रिमची वरची आणि खालची कडा किती लांब आहे ते मोजा. कडांमध्ये ४०० मिमी अंतर असेल, तर ७ मिमीचा फरक म्हणजे साधारण १ अंश. हा आकडा कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. ॲक्सल बाहेर काढलाच असेल तर दोन्ही टोकांना लेथवर केलेल्या चकत्या बसवा, त्यांच्या मध्यातून तार ताणा आणि डिफच्या (मधल्या डिफरन्शियलच्या) तोंडातून तार कुठे जाते ते पाहा. टायर झिजण्याचं आणखी एक कारण असतं. आतली कडा गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर झुकाव. हात फिरवल्यावर करवतीसारखे दाते लागत असतील तर टो, म्हणजे चाकांची तोंडं समोरून आत किंवा बाहेर वळलेली. ॲक्सल काढून परत बसवल्यावर टो न तपासता गाडी हातात देणारे पुष्कळ आहेत.

आता वेल्डिंगनं वाक येतो तो का. आपल्याकडे हे काम बहुतेकदा ट्रॉल्या आणि नांगर बनवणाऱ्याकडेच जातं. माणसाचा हात चांगला असतो, पण सवय एका दमात लांब वेल्ड ओढायची आणि हातात ६०१३ चा, म्हणजे नेहमीचा साधा वेल्डिंग रॉड. ट्रॉलीला ते चालतं, ॲक्सलला नाही. इथे ७०१८, म्हणजे कमी हायड्रोजनचा रॉड हवा. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर तो नीट पेटत नाही. डीसी इन्व्हर्टर घ्या, होल्डर प्लसला. २.५ मिमीच्या रॉडला ७० ते ९० अँपिअर पुरतात. पाकीट फुटून पावसाळी हवेत राहिलेले रॉड ३००-३५० अंशांवर तासभर भाजल्याशिवाय वापरू नका. नाहीतर वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो आणि तडा दुसऱ्या दिवशी दिसतो. गावच्या फीडरवर कृषिपंप चालू असताना व्होल्टेज पडतं, वेल्ड वरवर चिकटतं आणि दिसायला मात्र सुबक असतं. अशा वेळी काम थांबवलेलं बरं.

हाऊसिंगच्या स्प्रिंग सीट (पाटे टेकतात त्या जागा) जाड आय-बीमला बोल्टनं आवळा. टोकं दोनेक मिलिमीटर खाली ओढून धरा. ट्रसची पट्टी ५ मिमीची पुरे. १० मिमीची लावली तर सगळी उष्णता तीच खाते आणि पातळ हाऊसिंगला पक्कड कच्ची राहते. आधी फक्त टॅक (जागेवर धरण्यापुरते ठिपके). मग ३०-४० मिमीचा एक टाका डावीकडे पुढून, पुढचा उजवीकडे मागून, असं फिरत राहायचं. हात ठेववेल इतकं गार झाल्याशिवाय त्या जागी परत जायचं नाही, आणि पाणी तर अजिबात मारायचं नाही. मे महिन्यात हे पहाटेच जमतं. निम्मं काम झालं की आय-बीमवरून सोडून मोजा आणि उरलेल्या टाक्यांचा क्रम त्यावरून ठरवा. ट्रसची टोकं निमुळती ठेवा. नळीला आडवा वेल्ड मारून ती बंद केली तर पुढे तिथूनच तुटतं. डिफच्या तोंडावर जुनं रिकामं केसिंग बोल्ट करून ठेवलं की गॅस्केटची जागा वेडीवाकडी होत नाही.

सील गळण्याची कारणं वेगळी. बहुतेक वेळा ट्रसखाली ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारं तोंड) दबलेला असतो. हवेला वाट नसली की गरम झालेलं ऑइल सीलमधूनच बाहेर पडतं. दुसरं कारण गसेट, म्हणजे टोकाला मजबुतीसाठी लावलेली आधारपट्टी. तो हाऊसिंगच्या टोकाच्या, चाक ज्यावर वळतं त्या गोळ्याच्या चकचकीत भागाला भिडवला की गोळा किंचित फुगतो आणि बाहेरचं सील घासलं जातं. वेल्ड तिथून १५-२० मिमी अलीकडेच थांबायला हवं. तिसरं म्हणजे आतलं सील न काढताच वेल्डिंग केलेलं. ते जळलं की गिअर ऑइल नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) उतरतं, तिथलं ग्रीस पातळ होतं आणि चाकामागून ओघळ दिसतो. (अर्थिंगचा चिमटाही नेहमी ॲक्सललाच, कामाच्या शेजारी. चॅसीला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडतात.)

जाड पाट्यांबद्दल. पाटा जितका ताठ, तितक्याच दबावाला तो नळीवर जास्त जोर टाकतो. म्हणजे नळीला आराम नाही, उलट भार वाढला. खर्च करायचाच असेल तर आधी बम्पस्टॉपचे रबर आणि शॉक अब्सॉर्बर बदला; नळी वाकवणारा धक्का बहुतेकदा पाटे पूर्ण दबून लोखंडावर लोखंड आपटल्याचा असतो. जी जिप्सी फक्त शेत ते मोंढा एवढीच फिरते, तिला ट्रसची गरजच नाही. गौताळा अभयारण्याच्या बाजूच्या दगडी वाटांवर सामान लादून, मोठे टायर लावून जाणाऱ्यांसाठी तो आहे. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ ही लक्षात ठेवा. असा बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारलेलं बरं.

तुम्ही जुन्या जीपचंही विचारलंय. स्पायसर पद्धतीच्या ॲक्सलमध्ये मधला भाग ओतीव असतो आणि नळ्या त्यात दाबून बसवलेल्या असतात. ओतीव भागावर ७०१८ थेट मारू नका, कडेनं तडकतो. ट्रस दोन्ही नळ्यांना जोडा आणि मधल्या भागावरून पुलासारखा न्या.

भावाच्या गाडीचं आता असं करा. आधी ब्रीदर काढून फुंकून बघा, मग ओळंबा लावा. वेल्डच्या कडांवर डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंग) मारून घ्या. लाल रेघ उमटली तर तेवढा भाग ग्राइंडरनं पूर्ण काढून पुन्हा भरावा लागेल, वरून थर देऊन चालणार नाही. दोन्ही चाकांचे आकडे वेगवेगळे लिहून कळवा. फरक एकाच चाकाला असेल तर उलगडा सोपा आहे.