तीन तास पुलापाशी बसले त्याबद्दल

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला एवढ्या लांब जाऊन मी पुष्पावती नदीच्या पुलापाशी तीन तास घालवले, तिथे वारलेल्या इंग्रज वनस्पती-अभ्यासक जोन लेगच्या समाधीपर्यंतसुद्धा पोचले नाही, वर पोस्टमध्ये मोनाल (तो हिमालयातला रंगीबेरंगी, कोंबड्याच्या कुळातला पक्षी) दिसला नाही म्हणून रडगाणं गायलं, माझ्या पक्ष्यांच्या यादीत तो नाहीच, मोबाइलवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, म्हणजे कॉल, वाजवला असता तर दोन मिनिटांत समोर आला असता. आणि लाल चोचीचा चफ (कावळ्याच्या कुळातला काळा पहाडी पक्षी) म्हणून टाकलेला फोटो चुकीचा आहे.

फोटोचं आधी, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. तो पिवळ्या चोचीचाच आहे. माझा घोळ पायांमुळे झाला, पाय लालभडक दिसले आणि मी चोचीकडे नीट न बघता लिहून मोकळी झाले. दोन्ही चफचे पाय लालच असतात हे मला माहीत होतं हो, पण धुक्यात डोक्यावरून वीस-पंचवीस काळे पक्षी शिट्ट्या मारत गेले की माहीत असलेलं आठवत नाही. लाल चोचवाल्याची चोच लांब आणि वाकडी असते, याची आखूड, फोटोत स्पष्ट दिसतेय. कॅप्शन बदललंय.

आता पुलाचं. व्हॅलीच्या आत राहता येत नाही हे तुम्हालाही माहीतच आहे, खालच्या घांघरिया गावाहून निघायचं, सातला गेट उघडलं की आत आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर. म्हणजे पक्षी बघणाऱ्याची जी खरी वेळ, उजाडतानाची, ती आपण गेटबाहेरच घालवतो. त्यात जुलै-ऑगस्ट असेल तर दुपारपर्यंत ढग दरीत उतरतात आणि मग दुर्बिणीतून फक्त पांढरं दिसतं. हातात उरतात चार, फार तर पाच चांगले तास. एवढ्यात फुलांसाठी चालायचं की पक्ष्यांसाठी थांबायचं, दोन्ही होत नाही. निदान माझ्याच्याने होत नाही, ३००० मीटरच्या वर चढ लागला की मला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकूच येत नाही, आणि पक्षी आधी कानाने सापडतो.

बरं, पुलापाशी काय होतं ते तुम्ही "दोन-चार कॉमन पक्षी" म्हणून उडवून लावलंत. पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट कॉमन आहे, मान्य. पण दादा, पाण्यात चालणारा पक्षी तुम्ही किती वेळा पाह्यलाय? ब्राउन डिपर. मातकट रंगाचा, मूठभर, दिसायला अगदीच साधा, दगडावर उभा राहून उठाबशा काढल्यासारखा खालीवर होतो आणि मग त्या फेसाळत्या, माणसाला उभंसुद्धा राहू न देणाऱ्या पाण्यात सरळ शिरतो. तळाशी दगडांना धरत, पंख मारत अळ्या शोधतो आणि भलतीकडेच वर येतो. मी नऊ वेळा त्याला आत जाताना बघितलं आणि दरवेळी तो कुठून निघेल याचा अंदाज चुकला. आणि ती निळी शीळकरी कस्तूर, नदीच्या एवढ्या गर्जनेतही ऐकू येते कारण तिची शीळ पाण्याच्या घरघरीपेक्षा खूप वरच्या पट्टीत असते. हे मला तिथे बसल्यावर कळलं, पुस्तकात वाचलं होतं पण कळलं तिथे. पूल ओलांडून झपाझप वर गेले असते तर पायाखालच्या पायऱ्याच दिसल्या असत्या.

समाधी राहिली याची हळहळ आहेच. १९३९ मध्ये फुलं गोळा करताना पाय घसरून गेलेली बाई, आणि तिची बहीण नंतर येऊन दगड लावून गेली. तिथे डोकं टेकवायला हवं होतं.

कॉल वाजवण्याबद्दल मात्र मी ऐकणार नाही. तुम्ही म्हणता अर्ध्या मिनिटाने काय होतंय. तुमच्या अर्ध्या मिनिटाने काहीच होत नसेल, पण ती वाट एकच आहे, सीझनला दिवसभर माणसांची रांग असते, त्यातल्या दहा जणांनी त्याच वळणावर अर्धं-अर्धं मिनिट वाजवलं तर त्या पक्ष्याने करायचं काय? त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, खाणं सोडून तो भांडायला येतो आणि भांडायला समोर कोणीच नाही. एवढ्या उंचीवरचा उन्हाळा मुळात तोकडा, त्यात पिल्लं वाढवायची, लवकरच बर्फ पडणार. मोनालची मादी तेव्हा पिल्लं घेऊन फिरत असते, तिला उगाच बिथरवून मला काय मिळणार, एक फोटो? नको.

तुमचा एक मुद्दा मात्र मीच पोस्टमध्ये लिहायला हवा होता, की फुलांचा सीझन आणि पक्ष्यांचा सीझन एक नाही. फुलं बघायची तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य, पण तेव्हा पाऊस, धुकं, बऱ्याच पक्ष्यांचं गाणं संपलेलं आणि तेरडा नि अमेला नावाची ती सगळीकडे पसरलेली रानवनस्पती कमरेएवढी वाढलेली, आत मोनालच काय बकरी लपली तरी दिसणार नाही. फक्त पक्ष्यांसाठी जायचं असेल तर जूनमध्ये जा, गेट उघडल्या-उघडल्या, बर्फाचे पट्टे असताना, नाहीतर सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरल्यावर. मी वहिनीच्या सुट्टीप्रमाणे गेले, तिला फुलं हवी होती.

आणि हो, वहिनी. हे पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं, तुमच्यामुळे आता लिहावं लागतंय. मी पुलापाशी बसले, ती म्हणाली तू बस तुझ्या दगडावर, मी वर जाऊन येते. तिला पक्ष्यांत काडीचा इंटरेस्ट नाही. दीड वाजता खाली आली आणि बाटलीतलं पाणी पिता पिता म्हणते, "अगं वर भोजपत्राची झाडं संपतात ना, तिथे एक मोर होता, शेपूट कापल्यासारखा, डोक्यावर तुरा, माती उकरत होता. मी रेनकोट काढायला थांबले तर समोरच. उडाला तेव्हा पाठ पांढरी दिसली."

पाठ पांढरी! तुरा! माती उकरत! दादा, नर मोनाल. फोटो नाही, मोबाइल रेनकोटच्या आतल्या खिशात.

तर यादीत मोनाल का नाही असं विचारलंत ना, म्हणून नाही. तो मी बघितलेला नाही, वहिनीने बघितलाय आणि वहिनी यादी करत नाही.