पंपाची सवय लागते वाला मेसेज: माझी चूक

परवा रामबागच्या ग्रुपवर मीच टाकला होता तो मेसेज, की दमा दही-केळ्यांनी होतो, म्हातारपणीच होतो आणि पंप (तोंडाने ओढायचा इनहेलर) एकदा लागला की सुटत नाही. तो चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा. झालं काय, आमच्या आत्याने तो वाचून रोजचा पंप बंद केला, रात्री तीनला खिडकीच्या गजाला धरून बसली होती, शिट्टीसारखा आवाज छातीतून! सकाळी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी नीट समजावलं.

दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते, त्या आवळतात. घराण्यात दमा-ॲलर्जी असली की शक्यता जास्त, मग गादीतली धूळ, परागकण, विडी-सिगरेटचा धूर, सर्दीचा व्हायरस यांनी अटॅक येतो. लहान मुलांमधे तर हा सगळ्यात कॉमन दीर्घ आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2019 मधे जगात 26 कोटींच्या वर लोकांना दमा होता आणि साडेचार लाखांवर लोक त्याने दगावले.

आणि सवयीचं म्हणाल तर पंपाची सवय लागत नाही. साल्ब्युटामॉलच्या (आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) पंपाच्या एका पफमधे 100 मायक्रोग्रॅम औषध, गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम, म्हणजे 20 ते 40 पट, पण गोळीला कोणी घाबरत नाही, गंमतच आहे. पंप थेट फुफ्फुसात जातो म्हणून कमी पुरतो. रोजचा सूज उतरवणारा पंप मात्र बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने सोडायचा नाही, डॉक्टरांना विचारून.

आत्या आता बरी आहे, माझ्याशी बोलत नाहीये तेवढं सोडलं तर.