"तीन तास बसून नुसती एक वायर काढली" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की ऑफिसचं नेट दुरुस्त करायला सीनियर म्हणून पाठवलेला माणूस उशिरा आला, तीन तास लॅपटॉपमध्ये बघत बसला, तो आल्यावर प्रॉब्लेम उलट वाढला आणि शेवटी नुसती एक वायर काढून सीनियरचा चार्ज लावला. उशिराबद्दल आधी माफी मागतो. 11 ची वेळ दिली होती, ते 11.40 ला पोचले, आधीच्या साइटवर अडकले होते आणि तसा एक फोन आमच्याकडून तुम्हाला जायला हवा होता तो गेला नाही. चूक आमचीच.

पण सर ते "नुसती एक वायर" वाचून रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. 11.40 ते 2.15 म्हणजे तीन तासही होत नाहीत, पण ते सोडा. दुखणं काय आहे ते त्यांना पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं होतं. तुमच्या अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग ही कमांड टाकून त्याचा नेटवर्कमधला पत्ता बघितला तर आला 192.168.0.107, आणि तुमच्या ऑफिसचे सगळे पत्ते 192.168.10 ने सुरू होतात. म्हणजे नेटवर्कमध्ये दुसरंच कोणीतरी पत्ते वाटत होतं. प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता देणारा, ज्याला आम्ही डीएचसीपी म्हणतो, तो ऑफिसमध्ये एकच असावा लागतो. दोन झाले की ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेतो, आणि चुकीचा मिळाला की नेट बंद, म्हणून काहींचं नेट चालत होतं काहींचं नाही, आणि सकाळी चालणारा दुपारी बंद पडत होता. नेट पूर्ण बंद असेल तर आमचा नवीन मुलगासुद्धा शोधून काढतो, केबल तुटलीय नाहीतर पोर्ट गेलंय. हे अर्धवट चालणारं दुखणं सगळ्यात वाईट असतं, म्हणून तर सीनियर पाठवला.

त्यांनी तेव्हाच विचारलं होतं की कोणी नवीन राउटर जोडलाय का. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "काही नवीन नाही" असं उत्तर मिळालं. तुम्ही मुद्दाम लपवलं असं माझं म्हणणं नाही, तुम्हालाही माहीत नसेल. पण मीटिंग रूममध्ये वाय-फाय नीट येत नाही म्हणून कोणीतरी घरचा राउटर आणून लावला होता आणि वायर वॅन पोर्टऐवजी (जिथे बाहेरून येणारी वायर घालायची) लॅन पोर्टमध्ये (जिथे आतले कॉम्प्युटर जोडायचे) घातली होती, म्हणून तो सगळ्या ऑफिसला पत्ते वाटत होता. वॅनमध्ये घातली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

आता "प्रॉब्लेम उलट वाढला" याबद्दल. 12.10 ला तुमच्याकडच्या कोणीतरी मेन स्विच (विजेचा नाही, सगळ्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क वायरी जिथे जोडल्यात तो) बंद-चालू केला, त्या दिवशी तिसऱ्यांदा, आमच्या माणसाला न विचारता. स्विच बंद झाला की सगळ्या कॉम्प्युटरचं कनेक्शन तुटतं, परत आलं की प्रत्येकजण पत्ता पुन्हा विचारतो, आणि तो चुकीचा राउटर जवळ बसलेलाच होता. आधी 6 कॉम्प्युटर बंद होते, रिस्टार्टनंतर 15 झाले. हे आमच्या नावावर लिहिलंत याचं जास्त वाईट वाटलं.

लॅपटॉपमध्ये बघत बसले म्हणजे काय करत होते तेही सांगतो. त्या राउटरचा ओळख नंबर, म्हणजे मॅक अॅड्रेस काढला, मग तो स्विचच्या कुठल्या पोर्टवर दिसतो ते बघायचं होतं, पण स्विचचा पासवर्ड तुमच्याकडे कोणालाच माहीत नव्हता, तो जुन्या डायरीत सापडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग कळलं पोर्ट 17. ते पोर्ट तिथल्या तिथे बंद करता आलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं, पण त्याच पोर्टच्या मागे बिलिंगचे 4 कॉम्प्युटर होते आणि बिलिंग थांबता कामा नये असं तुम्हीच दारात सांगितलं होतं. म्हणून ते वायर धरून धरून गेले, भिंतीतून टेबलाखालच्या छोट्या स्विचला, तिथून वर फॉल्स सीलिंगमध्ये, एकाही वायरला लेबल नाही, स्टुलावर उभं राहून हातात टॉर्च, आणि शेवटी मीटिंग रूमच्या कपाटावर फायलींच्या मागे तो राउटर सापडला. 1.20 ला. तुम्ही बघितलं ते एवढंच की त्यांनी वायर काढली. कुठली काढायची हे शोधायलाच सीनियर लागतो सर, वायर काढायला कोणीही चालतं.

आणि त्यानंतरचा जवळजवळ तास वाया घालवला नाही. ज्या कॉम्प्युटरांनी चुकीचे पत्ते घेतले होते ते एकेक करून सोडवले, प्रिंटरही त्यात होता, आणि स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करून दिलं, म्हणजे उद्या परत कोणी राउटर आणून असाच लावला तरी तो मेन स्विचवरून बाकी ऑफिसला पत्ते वाटू शकणार नाही. हे तुम्ही सांगितलं नव्हतं, बिलातही वेगळं लावलेलं नाही. त्यांनी स्वतःहून केलं कारण दोन महिन्यांनी तुमचा असाच फोन येऊ नये. हा माणूस पंधरा वर्षं हेच काम करतोय, रात्री दोनला सर्व्हर रूममध्ये जमिनीवर बसून काम केलेला माणूस आहे. तुमचा रिव्ह्यू त्यांनी ऑफिसमध्ये वाचला आणि काही बोलले नाहीत, नुसते पुढच्या कॉलला निघून गेले.

हे सगळं काम चालू असतानाच तुम्हाला नीट सांगायला हवं होतं हे मान्य आहे, ते कमी पडतं आमचं. इथून पुढे काय केलं ते सोप्या भाषेत लिहून द्यायचं बघतोय, आणि उशीर होणार असेल तर कळवण्याचंही काहीतरी नक्की करतो. स्टार बदला असं म्हणत नाही, तो तुमचा अधिकार, फक्त "नुसती एक वायर" एवढं एकदा परत वाचून बघा, छोटा धंदा आहे आमचा, नवीन लोक हे वाचूनच फोन करायचा की नाही ठरवतात.

आणि मेन स्विचच्या बॉक्सच्या आतल्या दारावर त्यांनी एक कागद चिकटवलाय, पोर्ट 17 च्या मागे कुठली वायर कुठे जाते ते त्यावर पेनाने काढलंय. तो कृपया काढू नका, पुढच्या वेळी आम्ही येऊ किंवा दुसरं कोणी येईल, उपयोगी पडेल.