दाराआडची सुई

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा वाद चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. माझा भाचा १४ वर्षांचा, त्याला टाइप वन मधुमेह आहे. मधल्या सुट्टीत त्याने बाकावर बसूनच इन्सुलिनचं पेन टोचलं. कुणा पालकांनी तक्रार केली आणि शाळेने सांगितलं, यापुढे स्वच्छतागृहात जाऊन घे. मला वाटलं, घरचे शाळेशी भांडतील. पण मोठी माणसं म्हणाली, बरोबरच आहे, चारचौघांत सुई कशाला?

इकडे परदेशात माझी मुलगी यिअर टेनला आहे, तीही टाइप वनचीच. दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर उघडा ठेवून ती नेटबॉल खेळते. साखर उतरली की शेजारची मैत्रीण तिच्या बॅगेतून ग्लुकोजच्या गोळ्या काढून हातावर ठेवते. तिची काळजी कशी घ्यायची याचा केअर प्लॅन शाळेच्या ऑफिसात आहेच. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं एका ओळीत उत्तर आलं, "तुमचं तिकडचं वेगळं."

वेगळं काय आहे? दोन्हीकडे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. त्याचा गोड खाण्याशी संबंध नाही, आईच्या हलगर्जीपणाशी तर नाहीच नाही. वाढीच्या वयात हार्मोन्समुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. गेल्या महिन्याचा डोस या महिन्यात पुरत नाही, पहाटे काही न खाता साखर चढते. आणि याच वयात मुलांना चारजणांपेक्षा निराळं दिसायचं नसतं. त्याला संडासात जाऊन टोचायला सांगितलं तर तो टोचणारच नाही. संध्याकाळी मीटरवर ३०० येतील आणि घरचे विचारतील, "काय खाल्लंस?" डोस असे चुकत राहिले की रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात, उलट्या सुरू होतात, आयसीयू गाठावं लागतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तो लिओनार्ड थॉम्पसनही साधारण याच वयाचा होता. त्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत. ते औषध आता त्याच वयाच्या पोराने लपून घ्यायचं?

एवढं लिहून मी मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, मागच्या सुट्टीत तिकडे गेलो होतो तेव्हा तूच म्हणायचीस ना, आतल्या खोलीत जा आणि दार लावून घे?"

म्हणायचे. सेन्सर झाकायला पूर्ण बाह्यांचे कपडेही मीच भरले होते. इकडे मी धीट असते, कारण इकडच्यांना काय वाटेल याने माझं काही अडत नाही. १३ वर्षं राहूनही मी त्यांना आपलं मानलेलं नाही, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. क्लिनिकमधली नर्स इकडच्या मापात साखर ११ सांगते. मी मनात १८ ने गुणते, आपल्याकडच्या मापात १९८ होतात, तेव्हा कुठे मला काळजी वाटते.

आणि एक. मुलीचं निदान झालं तेव्हा दोन वर्षं मी घरी कुणालाच कळू दिलं नव्हतं. भाचा आयसीयूत पोचला तेव्हा माझं तोंड उघडलं. काल रात्री दादाला फोन केला, शाळेबद्दल बोलायला म्हणून. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "महिनाभर हा रात्री चार-चारदा उठून पाणी पीत होता. आम्हाला वाटलं, उन्हाळा आहे."